एका तासाच्या आतली शाळा

मी नकाशे काढते, आणि माझे नकाशे भिंतीवर नाही, कोर्टात लागतात. कुठली गल्ली कुठल्या शाळेच्या हद्दीत येते, कुठली बस कुठून वळते, कुठल्या वस्तीतली मुलं कुठल्या शाळेत पोचतात हे मी रेघांनी दाखवते आणि वकील त्या रेघांवर भांडतात. टेक्सासमध्ये बारा वर्षं हेच करते आहे. एकदा एका जिल्ह्याने आखलेली हद्द मी मोठी करून पाहिली, तर ती एका घराच्या स्वयंपाकघरातून जात होती. म्हणजे पोळ्या एका शाळेच्या हद्दीत आणि ओटा दुसरीच्या. त्या घरच्या बाईंना मी फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग आमचा फ्रिज कुठे येतो तेवढं सांग, मुलं तिथेच सापडतात."

प्लेनोच्या आमच्या मराठी मंडळात एक काका आहेत. गणपतीत जेवणाच्या रांगेत ते मला दर वर्षी तेच विचारतात. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांचं प्रकरण कधीच मिटलं ना, मग तू अजून कशाला भांडतेस? मीही दर वर्षी हातातली ताटली सांभाळत तेच उत्तर देते. सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकात सांगितलं की वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा चालणार नाहीत. पण न्यायालयाने सांगितलं म्हणून गावातल्या शाळेचं दार आपोआप उघडत नाही. मग गावोगावच्या काळ्या पालकांना आपापल्या शाळा-जिल्ह्याविरुद्ध खटले लावावे लागले. प्रत्येक खटल्यात न्यायाधीशाने त्या जिल्ह्यापुरता हुकूम दिला, की हद्दी अशा आखा, शिक्षक असे नेमा, बस अशी चालवा. त्यातले काही हुकूम आजही लागू आहेत. न्यायाधीश स्वतः "आता तुम्ही मोकळे" म्हणत नाही तोवर जिल्ह्याने ते पाळायचे, आणि पाळले जातात की नाही हे कोणीतरी बघायचं.

"म्हणजे तू तिथली तलाठी," काका गेल्या वर्षी म्हणाले.

त्यांना चिमटा काढायचा होता, पण मला बरंच वाटलं. माझे बाबा देगलूरला भूमी अभिलेख कार्यालयात शिपाई होते. जमिनीची मोजणी निघाली की साखळीचं एक टोक बाबांच्या हातात असायचं. मोजणीदार साहेब झाडाखाली नकाशा पसरून बसायचे आणि बाबा काट्याकुट्यांतून बांधाबांधाने फिरायचे. ते सांगायचे, की कागदावर वाद सुटला असं वाटतं, पण बांधावर गेलं की कागदावर नसलेलं बोरीचं झुडूप निघतं आणि त्यावरूनच सगळी भांडणं असतात. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. सिव्हिल इंजिनिअरिंगचं माझं प्रमाणपत्र बाबांनी काचेत बसवून आणलं. शेजारी बघायला आले तर स्वतः पुढे होऊन काच पुसायचे.

लग्नानंतर प्लेनोला आले. नवरा टेलिकॉममध्ये. त्याच्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं, म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकले. कामाची परवानगी आली तेव्हा डॅलसच्या एका छोट्या वकिली ऑफिसची जाहिरात दिसली. नवरा म्हणाला, "यार, आयटीत ट्राय कर ना, वकिलांकडे कुठे जातेस?" मी मुलाखत देऊन आले आणि दुसऱ्याच दिवसापासून जायला लागले.

ऑफिस ग्लोरियाचं. साठीची, काळी, उंच, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. पहिलं वर्षभर मी तिला मॅडम म्हणत होते. शेवटी तिने सांगितलं, की मॅडम म्हटलं की मला वाटतं मागे कोणीतरी उभं आहे.

आता ती एका तासाची गोष्ट सांगते. माझ्या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त आनंद तिने दिला, आणि सगळ्यात जास्त फजितीही तिच्यातच झाली.

पूर्व टेक्सासमध्ये, आमच्या घरापासून तीन तासांच्या ड्राइव्हवर, पाइनच्या जंगलातला एक छोटा शाळा-जिल्हा. तिथे हिकरी बेंड नावाची ओढ्याकाठची जुनी काळी वस्ती. तिथल्या मुलांसाठी जवळचं हायस्कूल आहे, पण तिथे जवळजवळ सगळी मुलं काळी. गावातलं सेंट्रल हायस्कूल मोठं, आणि तिथे बहुतेक गोरी. जुन्या हुकुमात एक कलम होतं. आपल्याच वंशाची मुलं जास्त असलेल्या शाळेतून कुणाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर जिल्ह्याने नाही म्हणायचं नाही, आणि बसही द्यायची. मात्र बसचा एका बाजूचा प्रवास एका तासाच्या आत हवा. तासाच्या वर गेला तर बस देणं बंधनकारक नाही.

जिल्ह्याने कित्येक वर्षांपूर्वी ही बस गुपचूप बंद केली होती. विचारलं तर उत्तर तयार होतं, की आमच्या हिशेबाने प्रवास सदुसष्ट मिनिटांचा होतो.

तक्रार आणली होती मिस अर्लीन यांनी. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नावाआधी मिस लावून हाक मारतात, आपण मावशी किंवा काकू म्हणतो तसं. मिस अर्लीन पंचाहत्तरीच्या. नात टिआना त्यांच्याजवळ राहायची, वय सोळा. टिआनाला कॅल्क्युलस शिकायचं होतं. तिच्या शाळेत कॅल्क्युलस म्हणजे लायब्ररीच्या कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर. त्यातला माणूस रेकॉर्ड केलेला, शंका विचारली तरी तो पुढेच बोलत राहायचा. सेंट्रलमध्ये खरी बाई शिकवायची. घरात एकच गाडी होती, आणि मिस अर्लीनची मुलगी, म्हणजे टिआनाची आई, ती घेऊन पहाटेच कामाला निघून जायची. तेव्हा बस मिळाली तर कॅल्क्युलस, नाहीतर नाही. पुढच्या ऑगस्टपासून टिआनाचं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं, म्हणून त्याच्या आत निकाल लागायला हवा होता.

ग्लोरियाने मला बसचा रस्ता मोजायला सांगितला. मी ऑफिसात बसून दोन दिवसांत मोजला. रस्ते, वेगमर्यादा, सिग्नल, मुलं चढायला लागणारा वेळ, सगळं धरून एकोणपन्नास मिनिटं. जिल्ह्याच्या आकड्यापेक्षा अठरा मिनिटं कमी. मी अहवाल रंगीत छापला. ग्लोरियाने तो दोनदा वाचला आणि माझ्यासाठी डोनट आणला.

मग माझी जबानी झाली. इथे खटल्याआधी समोरच्या वकिलाच्या ऑफिसात शपथेवर प्रश्न विचारतात आणि एक जण सगळं टिपून घेतो. जिल्ह्याचे वकील अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी मला पाणी दिलं, माझ्या रंगीत नकाशाचं कौतुक केलं. मग विचारलं, की तुमच्या या रस्त्यावर रेल्वेची किती फाटकं आहेत? मी म्हटलं, पाच. शाळेची बस फाटकापाशी आली की काय करते? मी म्हटलं, फाटक उघडं असेल तर जाते.

टिपून घेणारी बाई खाली मान घालून हसत होती. ग्लोरियाने साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला.

अमेरिकेत वाढलेल्या शेंबड्या पोरालाही जे माहीत असतं ते मला माहीत नव्हतं. शाळेची बस इथे प्रत्येक रेल्वे रुळाआधी थांबते. गाडी येत असो वा नसो. ड्रायव्हर दार उघडतो, मुलांना गप्प करतो, दोन्हीकडे बघतो, कान देऊन ऐकतो आणि मगच पुढे जातो. मी देगलूरकडची. आमच्याकडे फाटकावर माणूस असायचा. त्याने फाटक उघडलं की उघडलं, उरलेली काळजी त्याची. माझी मुलगी इथे सहा वर्षं त्या पिवळ्या बसने जात होती, आणि मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं. घरी येऊन तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, एव्हरीवन नोज दॅट." आणि पुन्हा फोनमध्ये गेली.

जिल्ह्याचा हिशेब आता कळला. माझेच एकोणपन्नास, अधिक पाच फाटकं, प्रत्येकी साडेतीन मिनिटं. बस थांबायची, ऐकायचं, कधीमधी मालगाडी यायची, ते सगळं धरून. एकंदर साडेसहासष्ट, म्हणजे सदुसष्टच. आणि माझ्या अहवालात फाटकांना शून्य.

परतल्यावर ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून ग्लोरिया म्हणाली, "तू तिथे गेली होतीस का?"

मी नाही म्हटलं. बांधाबांधाने साखळी ओढत फिरलेल्या बापाची मुलगी मी, आणि मला ते शब्द उच्चारताना फार लाज वाटली.

पुढच्या सोमवारी मी हिकरी बेंडला गेले. जवळ हॉटेल नव्हतं. मिस अर्लीन म्हणाल्या, आमच्याकडे राहा. मी सोबत चिवड्याचा डबा नेला होता. त्यांनी त्यावर तिखट सॉस ओतला, एक चमचा खाल्ला आणि डबा स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवून घेतला. टिआनाने माझं नाव मॅप लेडी ठेवलं. जबानीत काय झालं हे तिला आधीच कळलं होतं.

"तुम्ही रूळ मोजलेच नाहीत?" ती म्हणाली. "आणि मला गणित शिकायला दुसऱ्या शाळेत जायचंय म्हणे."

आजी तिला ओरडल्या, पण हसत.

तीन दिवस मी तो रस्ता धरला. आधी गाडीने, मग प्रत्येक फाटकापाशी उतरून पायी. पहिलं फाटक चालू होतं, रूळ घासून चकचकीत झालेले. दुसऱ्या फाटकाच्या रुळांवर गंज होता. मी रुळांच्या कडेने जंगलात थोडं आत गेले, तर दोन रुळांच्या बरोबर मध्ये एक झाड उगवलेलं. नुसतं उगवलेलं नाही, माझ्या मांडीएवढं जाड. त्याच्यावर एक पक्षी बसलेला होता आणि खाली कोणीतरी खुर्ची टाकून ठेवली होती. त्या रुळावरून गाडी जायची असेल तर आधी ते झाड तोडावं लागणार होतं, आणि त्या खुर्चीच्या मालकालाही विचारावं लागणार होतं.

संध्याकाळी मिस अर्लीनना विचारलं, तर त्या म्हणाल्या, की ती तर लाकडाच्या कारखान्याची लाइन, कारखाना बंद झाला त्याला जमाना झाला. पुढची दोन फाटकंही त्याच लाइनची. कायदा असा, की रूळ वापरात नाहीत अशी सरकारी पाटी असेल तर बसने थांबायचं नाही. दोन फाटकांवर पाट्या दिसत होत्या. तिसऱ्यावर वेलींचा ढीग होता. मी मिस अर्लीनचा बागेतला कोयता घेऊन गेले, वेली काढल्या, आणि आतून पाटी निघाली. तिच्यासोबत फोटो काढून घेताना मला माझ्या पदवीच्या फोटोतल्यापेक्षा जास्त हसू आलं होतं.

म्हणजे पाचांतली तीन फाटकं फक्त कॉम्प्युटरच्या नकाशात जिवंत होती. जिल्ह्याने मुद्दाम खोटं केलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांनी विकत घेतलेल्या नकाशावर विश्वास ठेवला, आणि मीही तेच केलं होतं. फरक एवढाच, की त्यांना तो नकाशा सोयीचा होता. एकोणपन्नास अधिक दोन फाटकांची सात, छप्पन्न.

शेवटच्या संध्याकाळी मिस अर्लीननी विचारलं, की तुझ्याकडे शाळा कशा होत्या. मी माझ्या बाबांचं सांगितलं. ते चौथीपर्यंत शाळेच्या ओट्यावर बसून शिकले. आत का नाही बसलात, असं मी कॉलेजात गेल्यावर त्यांना विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, ओट्यावर वारा छान येतो. मिस अर्लीन आधी खूप हसल्या. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, की तुझ्या वडिलांना भेटायला मला आवडलं असतं.

आम्ही नवा अहवाल दिला. जिल्ह्याच्या वकिलांनी फोटो बघितले, झाडाचं कौतुक केलं, आणि म्हणाले, की उरलेल्या दोन फाटकांवर मालगाडी आली तर? एकेक मालगाडी मैलभर लांब असते. पुन्हा मिनिटांवरून कागदांची देवाणघेवाण सुरू झाली. शेवटी न्यायाधीश वैतागले. म्हातारे, हळू बोलणारे, गोरे. ते म्हणाले, "मी तुमच्या दोघांचे आकडे पुरेसे ऐकले. एक बस घ्या, शाळेच्या दिवशी सकाळी चालवा, आणि काय होतं ते मला येऊन सांगा."

मार्चमधली सकाळ. पिवळ्या बसमध्ये आम्ही बसलो: जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, त्यांचे ते सभ्य वकील, ग्लोरिया, मी, आणि कोर्टाने पाठवलेली एक मुलगी, हातात घड्याळ घेऊन. त्या बाकड्यांवर मोठ्या माणसांचे गुडघे मावत नाहीत. वकीलसाहेब तिरके बसले होते. बस सुटणार तेवढ्यात मिस अर्लीन कोट घालून, टोपी घालून थांब्यावर आल्या आणि चढल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कोणी हरकतही घेतली नाही.

बस प्रत्येक ठरलेल्या थांब्यावर थांबायची, दार उघडायचं, मुलांना चढायला लागेल तेवढा वेळ आम्ही रिकाम्या पायऱ्यांकडे बघत बसायचो. मिस अर्लीन प्रत्येक थांब्यावर त्या घरातल्या मुलांची नावं सांगायच्या. हा थोरला, हा आळशी, याला खिडकी लागते. तिसऱ्या थांब्यानंतर शिक्षणाधिकारीही मागे वळून ऐकू लागले.

मेलेली तिन्ही फाटकं बसने न थांबता ओलांडली. शेवटच्या फाटकाआधी बस थांबली, ड्रायव्हरने दार उघडलं, आणि लांबून भोंगा ऐकू आला.

मालगाडी आली. मी वाघिणी मोजायला लागले. चाळीस झाल्या तरी गाडी संपेना. शेजारी बघते तर शिक्षणाधिकाऱ्यांचे ओठही हलत होते. तेही मोजत होते. ते कशासाठी मोजत होते कोण जाणे, माझं मात्र सगळं त्या एका डब्यावर टेकलं होतं जो शेवटचा असेल. शेवटचा डबा गेला, ड्रायव्हरने पुन्हा दोन्हीकडे बघितलं, दार लावलं, आणि बस हलली.

सेंट्रल हायस्कूलच्या दारात बस उभी राहिली. कोर्टाच्या मुलीने घड्याळ दाबलं आणि आकडा मोठ्याने वाचला. अठ्ठावन्न मिनिटं.

ग्लोरियाने माझा हात एवढा जोरात दाबला की अंगठी रुतली. सगळे उठले, गुडघे चोळत उतरायला लागले. मिस अर्लीन मात्र बसूनच राहिल्या. बरं वाटत नाही का, असं ग्लोरियाने विचारलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "मी लहान असताना आमची बस याच रस्त्याने यायची. वस्तीजवळची शाळा तेव्हा नव्हती. इथून पुढे जायची, काळ्या मुलांच्या शाळेपर्यंत आणखी चाळीस मिनिटं. इथे ती माझ्यासाठी कधी थांबली नाही. आज थांबलीय तर जरा बसते." मग कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "तेव्हा कोणी घड्याळ लावलं नव्हतं."

शिक्षणाधिकारी पायरीवर उभे होते. ते पन्नाशीचे, त्याच गावात वाढलेले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि त्या उतरेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग त्यांना उतरायला हात दिला.

पुढची सुनावणी झालीच नाही. जिल्ह्याने हरकत मागे घेतली, आणि ऑगस्टपासून बस सुरू करायचं लेखी मान्य केलं, एका तासाच्या अटीसह. मंडळातल्या काकांना सांगितलं, तर त्यांनी रांगेतली आपली जागा सोडून येऊन सगळी गोष्ट पुन्हा ऐकली, आणि झाड केवढं होतं ते दोनदा विचारलं.

ऑगस्टच्या पहिल्या दिवशी मी आणि ग्लोरिया भल्या सकाळी सेंट्रल हायस्कूलच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. खरं तर आमचं तिथे काही काम नव्हतं. शिक्षणाधिकारीही आले होते, हातात कॉफी. आम्ही तिघं धरून चाललो होतो की सात-आठ मुलं असतील. बस वळणावर दिसली तेव्हाच लक्षात आलं की ती भरलेली आहे. खिडकीखिडकीत डोकी. वस्तीतल्या एकीने दुसरीला सांगितलं होतं, दुसरीने चर्चमध्ये, आणि बावीस जणांनी नावं घातली होती. तेवढे जास्त थांबे, तेवढा जास्त वेळ.

मुलं उतरायला लागली. टिआना मधे कुठेतरी होती, शेजारच्या मुलीशी तावातावाने बोलत. तिने मला बघितलं, बोलणं न थांबवता हात हलवला आणि आत निघून गेली. कॅल्क्युलसचा वर्ग पहिल्याच तासाला होता.

बस किती वाजता सुटली ते ड्रायव्हरने सुटताना शिक्षणाधिकाऱ्यांना फोनवर कळवलं होतं, ते मीही ऐकलं होतं, आणि मी सवयीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. बासष्ट मिनिटं. आजवर मी हे कोणाला सांगितलेलं नाही, ग्लोरियालाही नाही. वर बघितलं तर शिक्षणाधिकारी त्यांच्या घड्याळाकडे बघत होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी कॉफीचा कप दुसऱ्या हातात घेतला, शर्टाची बाही घड्याळावरून खाली ओढली, आणि शेवटच्या मुलाला दार उघडून धरायला गेले.